बिनपंखी बीचा प्रवास : कारळ्याचा इतिहास

इंदूरकडे ज्याला रामतिल म्हणतात, बेळगाव-धारवाडच्या बाजारात कानडी दुकानदार ज्याला गुरेळ्ळु किंवा हुच्चेळ्ळु म्हणतो, डांगच्या डोंगरात ज्याचे नाव खरसाणी होते, हैदराबादकडे तेलुगू भाषेत जे वेरिनुव्वुलु ठरते आणि पुणे-नाशिककडे ज्याला कारळे किंवा खुरासनी म्हणतात, ते गळिताचे बी एकच आहे. काळे, चकचकीत, तिळाहून किंचित लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळते. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी त्याची चटणी कधी ना कधी झालेली असेल. पण या चटणीमागे एक पिवळ्या फुलांचे झाड आहे, त्या झाडाला एक मूळ मुलूख आहे आणि त्या मुलखापासून आपल्या डोंगरउतारांपर्यंतचा त्याचा प्रवास कोणत्याही बखरीत, सनदेत वा ताम्रपटात नोंदलेला नाही, याचा विचार सहसा होत नाही.

इतिहास म्हटला की आपण दप्तराकडे धाव घेतो. आपल्या घराण्यांचा इतिहासही आपण तसाच लिहितो. कोणत्या साली कोणाबरोबर माळव्यात आलो, कोणत्या सरदाराने कोणते गाव दिले, वाडा केव्हा बांधला. ज्यांच्याजवळ कागद नाही त्यांचे काय? शेतकऱ्याच्या ओटीतून गेलेल्या बियांचा कागद कोणी केला नाही. तरीही त्यांचा इतिहास सांगता येतो. त्यासाठी तीन साधने जवळ आहेत : झाडाची शरीररचना, त्याची नावे आणि ते ज्या जमिनीत, ज्या पिकांच्या शेजारी वाढते ती शेती. या तिन्हींची साक्ष एकत्र लावली तर कारळ्याची हकीकत बऱ्याच अंशी जुळते. ती जुळवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम ओळख पटवणे आवश्यक आहे, कारण पावसाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीत पिवळ्या फुलांची गर्दी असते आणि लांबून सारी सारखीच दिसतात. विशेषतः सोनकी आणि कारळा यांची गल्लत होते. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातील. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो वस्तुतः अनेक लहान फुलांचा एकत्र बसलेला मेळा असतो. शास्त्रज्ञ त्याला स्तबक म्हणतात. कडेची, पाकळीसारखी दिसणारी ती किरणपुष्पके आणि मधल्या गोल बिंबात दाटीने बसलेली ती बिंबपुष्पके. कारळ्याच्या स्तबकात किरणपुष्पके साधारणतः आठ असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला तीन बारीक दाते असतात. रंग सोन्यासारखा पिवळा. झाड कमरेएवढे, चांगल्या जमिनीत छातीएवढे वाढते. खोड मऊ, किंचित लवदार. पाने लांबट, कडेला बारीक दातेरी, देठाविना खोडाला बिलगलेली आणि खालच्या भागात समोरासमोर जोडीने आलेली. सोनकी त्या मानाने ठेंगणी. तिची पाने एकाआड एक येतात आणि ती पठारावर आपोआप उगवून भाद्रपदात गालिचा पसरते. कारळा बहुधा पेरलेल्या वावरात, ओळीत किंवा फोकून टाकलेला दिसतो आणि त्याचा फुलोरा त्यामागून, अश्विनाच्या सुमारास भरात येतो.

पण खरी परीक्षा फुलाची नव्हे, फळाची. सोनकीचे पिकलेले बोंड हातात घेऊन फुंकर मारली की तिच्या बिया पांढऱ्या केसांच्या झुबक्यांवर तरंगत निघून जातात. कारळ्यावर कितीही फुंकर मारा, बी हलत नाही. त्याच्या बीला केसांचा झुबका नसतो, चिकटून जाण्यासाठी आकडा नसतो, पक्ष्याने गिळून दूर नेऊन टाकावे असा गरही नसतो. पिकले की ते झाडाखाली गळते आणि तिथेच राहते. सूर्यफुलाच्या कुळातील कितीतरी तणे वाऱ्यावर स्वार होऊन खंड ओलांडून गेली. एकदांडीच्या बीला असे केस असतात, म्हणून अमेरिकेतील ते रोपटे आज आपल्या गच्चीच्या फटीतही उगवते. कारळ्याला हे साध्य नाही. तो समुद्र ओलांडून कोठे पोहोचला असेल, तर कोणाच्या तरी हाताने, पिशवीतून वा गलबतातून पोहोचला. झाडाच्या शरीराने दिलेली ही पहिली साक्ष.

तो समुद्र कोणता, हे त्याचे रानटी भाऊबंद सांगतात. कारळ्याच्या प्रजातीचे वनस्पतिशास्त्रीय नाव गायझोशिया. डेन्मार्कच्या अभ्यासक येटे बॉगे यांनी १९७४ साली या प्रजातीची समग्र छाननी प्रसिद्ध केली आणि तिच्यात सहा जाती मानल्या. त्या साऱ्या आफ्रिकेतील आहेत आणि त्यांची दाटी इथिओपियाच्या पठारावर आहे. भारतात पेरला जाणारा कारळा सोडला तर त्याचा एकही रानटी आप्त मुळचा इथला नाही. जिथे पिकाचे रानटी सगेसोयरे राहतात तिथे त्याचे माहेर शोधावे, हा शेतीच्या इतिहासातला रुळलेला नियम आहे. या भावकीतला सर्वांत जवळचा कोण, या प्रश्नाचे उत्तर देण्यात आपल्या सीमाभागाच्या शेजाऱ्यांचा मोठा वाटा आहे, हे सांगताना आम्हांला विशेष आनंद होतो. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील एस. सी. हिरेमठ आणि एच. एन. मूर्ती यांनी १९८८ साली कारळ्याच्या लागवडीखाली येण्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि १९९३ साली त्याच विषयावर पुढचे काम मांडले. लागवडीचा कारळा आणि इथिओपियात शेताच्या कडेने तणासारखा वाढणारा त्याचा शिंपेरी नावाचा रानटी आप्त, या दोघांचीही गुणसूत्रे तीस आहेत. त्यांचे रूप जुळते, त्यांचा संकर होतो. या रानटी झाडातून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टपोरे बी निवडत नेले आणि त्यातून कारळा घडला, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

इथिओपियात कारळ्याला नूग म्हणतात. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस उपवास पाळतात आणि त्या दिवशी मांस, दूध, तूप वर्ज्य असते. अशा दिवसांच्या स्वयंपाकाला नूगच्या तेलाचा आधार फार मोठा. तिथेही हे बी भाजून, कुटून, इतर धान्यांत मिसळून खातात. भाजलेल्या कारळ्याचा खमंगपणा ओळखायला कोणत्याही भाषेची गरज पडलेली दिसत नाही.

युरोपीय विद्वानांच्या हाती हे झाड दोन वाटांनी गेले आणि त्या दोन वाटांची सांगड पडेपर्यंत त्याचे नाव अनेकदा बदलले. ती कथा इथे सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात आपल्या एका शब्दाचा मान आणि अवमान दोन्ही आहेत. जेम्स ब्रूस हा स्कॉटिश प्रवासी १७६९ ते १७७१ या काळात इथिओपियात होता. नील नदीच्या उगमाच्या शोधात गेलेल्या या माणसाने वनस्पतींचीही चित्रे आणि टिपणे केली. कारळ्याचे चित्र त्याच्या प्रवासग्रंथात आहे. धाकट्या लिनियसने या झाडाला पॉलिम्निया ॲबिसिनिका असे नाव दिले. दुसरी वाट भारतातून गेली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी ते इथल्या शेतात पाहिले आणि त्याला व्हर्बेसिना सटायव्हा म्हटले. सटायव्हा म्हणजे पेरलेले, लागवडीचे. आफ्रिकेच्या वाटेने गेलेल्या झाडाला देशाचे नाव मिळाले, भारताच्या वाटेने गेलेल्याला शेताचे. पुढे जिनिव्हाच्या द कांदोल यांनी १८३४ च्या सुमारास या झाडासाठी स्वतंत्र प्रजाती कल्पिली आणि तिला थेट आपला देशी शब्द दिला : रामटिला. आपल्या बाजारातला रामतिल असा लॅटिन पोशाख करून शास्त्राच्या दरबारात जाऊन बसला. पण तिथे आसन आधीच भरलेले होते. पॅरिसच्या आंरी कासिनी यांनी १८२९ सालीच या झाडाला गायझोशिया हे नाव देऊन ठेवले होते आणि वनस्पतिशास्त्राच्या नियमाने आधीचे नाव टिकते. रामटिला हे नाव आज फक्त समानार्थी नावांच्या यादीत सापडते.

हे कासिनी म्हणजे शनीच्या कड्यांतील फट शोधणाऱ्या ज्योतिर्विदाचे खापरपणतू. पेशाने न्यायाधीश, आवडीने सूर्यफूल कुळाचे अभ्यासक. त्यांनी हे नाव ज्यांच्या सन्मानार्थ दिले ते फ्रांस्वा गिझो हे फ्रान्सचे नामवंत इतिहासकार होते आणि पुढे त्या देशाचे प्रधानमंत्रीही झाले. १८४८ च्या क्रांतीत त्यांची सत्ता गेली. म्हणजे ज्या पिकाच्या इतिहासाचा एक कागद उपलब्ध नाही, त्याचे शास्त्रीय नाव मात्र एका इतिहासकाराचे आहे. हा निव्वळ योगायोग. परंतु आपल्या विषयाला तो साजेसा आहे.

आता आपल्याकडच्या नावांकडे वळू. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ आणि हुच्चु म्हणजे वेड. हुच्चेळ्ळु म्हणजे वेडे तीळ. तेलुगूत नुव्वुलु म्हणजे तीळ आणि वेर्रि म्हणजे वेडे. वेरिनुव्वुलुचा अर्थही तोच. हिंदीत रामतिल. फळापासून रामफळ, तुळशीपासून रामतुळस, तसा तिळापासून रामतिल. तीन भाषांनी स्वतंत्रपणे या बीला तिळाच्याच नात्याने ओळखले. यातून एक गोष्ट निर्विवाद दिसते. हे बी आले तेव्हा तीळ घरात होता. नवी वस्तू आली की माणूस तिला जुन्या वस्तूच्या शेजारी बसवून पाहतो आणि तिच्यासारखी पण ती नव्हे, असे नाव देतो. आमच्या कानाला मराठीतील कारळे या शब्दातही कानडी एळ्ळुचा नाद ऐकू येतो. करि म्हणजे काळा हा शब्दही कानडीत आहेच. ही व्युत्पत्ती आम्ही सिद्ध म्हणून मांडत नाही, भाषेच्या अभ्यासकांपुढे विचारार्थ ठेवतो.

तिळाशी असलेल्या या नात्याचा पुरावा आपल्या देवघरातही आहे. तीळ संक्रांतीला लागतो, श्राद्धाला लागतो, तर्पणाला लागतो, होमात पडतो. कारळ्याला यांपैकी कोठेही जागा नाही. रूपाने, रंगाने, तेलाने तो तिळाच्या इतका जवळचा असूनही विधीत त्याचा शिरकाव झाला नाही. धर्मकृत्यांची सामग्री ठरून गेल्यानंतर तो आला, असेच यावरून मानावे लागते. तो थेट स्वयंपाकघरात आणि घाण्यावर गेला.

खुरासनी या नावाची गोष्ट वेगळी आहे. खुरासान हा इराणच्या पूर्वेकडचा प्रांत. तिथे या पिकाचे माहेर नाही. मग हे नाव का? याचा उलगडा माळव्यातील वाचकांच्या अगदी जवळ आहे. मांडूच्या किल्ल्यावर भल्या थोरल्या बुंध्यांची गोरखचिंचेची झाडे आहेत. त्यांच्या फळाला तिथे खुरासानी इमली म्हणतात. गोरखचिंच तर निखालस आफ्रिकेची. आपल्याकडे खुरासानी ओवाही आहे आणि तो आपल्या ओव्याच्या जातीचासुद्धा नाही. मुद्दा असा की, एके काळी आपल्या मुलखात खुरासानी या विशेषणाचा अर्थ भूगोलाच्या पुस्तकातील खुरासान असा राहिला नव्हता. पश्चिमेकडून, परक्या व्यापाऱ्यांच्या हातून आलेले, आपल्या ओळखीच्या वस्तूसारखे पण वेगळे, असा तो अर्थ झाला होता. मांडूची चिंच आणि मावळातले कारळे ही दोन आफ्रिकन झाडे एकाच विशेषणाखाली यावीत, हे त्या अर्थाचे चांगले उदाहरण आहे. इंग्रजांनीही असाच घोळ केला. त्यांच्या व्यापारी भाषेत हे बी नायजर सीड झाले. वास्तविक पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदीशी त्याच्या उगमाचा संबंध नाही. आपल्या कृषी खात्याच्या इंग्रजी कागदांत आजही तेच नाव चालते.

इथे एक मोह आवरावा लागतो. आफ्रिका, हबसाण आणि दख्खन म्हटले की मलिक अंबर डोळ्यांसमोर उभा राहतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला आणि १६२६ साली निवर्तलेला हा पुरुष आपल्या इतिहासातील थोर व्यक्ती आहे. जंजिऱ्याच्या मुलखालाही हबसाण म्हणत. तेव्हा हबशी सैनिकांनी आपल्या माहेरचे बी बरोबर आणले, अशी गोष्ट रचणे सोपे आहे आणि ती ऐकायला गोडही वाटेल. पण पिकाचा भूगोल तिला साथ देत नाही. कारळा दरबाराच्या आणि बंदराच्या आसपास एकवटलेला नाही. तो सह्याद्रीच्या माथ्यावर ठाकर, महादेव कोळी, कोकणा, वारली यांच्या शेतांत आहे, सातपुड्यात आहे, छिंदवाडा, मंडला, डिंडोरीच्या डोंगरांत आहे, बस्तरमध्ये आणि थेट ओडिशातील कोरापुटमध्ये आहे. डोंगरी शेती करणाऱ्या, बाजाराशी कमी संबंध असलेल्या समाजांत एखादे पीक इतक्या दूरवर पसरायला शतकानुशतके लागतात.

शिवाय शेजाऱ्याची साक्ष आहे. कोकण-मावळातील वरकस जमिनीची जुनी पद्धत अशी की, राब भाजून पहिल्या वर्षी नाचणी घ्यायची, दुसऱ्या वर्षी वरी, त्यानंतर कारळा किंवा तीळ आणि मग जमीन काही वर्षे पड टाकायची. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत खुरासनीचा उल्लेख अशाच हलक्या जमिनींच्या पिकांत येतो. या मालिकेतील नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारावरची आहे. ज्वारी, बाजरी, चवळी हीदेखील आफ्रिकेतून प्राचीन काळी भारतात आलेली पिके. त्यांचा इथला इतिहास इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकापर्यंत मागे जातो. कारळा नाचणीच्या हातात हात घालून आला, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच पठारावरचे, त्याच शेतीपद्धतीतले आणि इथेही एकमेकांच्या पाठोपाठ पेरले जाणारे दोन सोबती वेगवेगळ्या काळी येऊन योगायोगाने पुन्हा एका वावरात भेटले, असे मानण्यापेक्षा हे अधिक संभवनीय आहे. खुरासनी हे नाव त्यावर पुष्कळ नंतर चढले असावे. पीक जुने आणि नाव नवे, असे होण्यास काहीच अडचण नाही.

तो इथे रुजला याचे कारण दोन्हीकडच्या पंचांगांत आहे. इथिओपियाच्या पठारावर मोठा पाऊस जून ते सप्टेंबर पडतो. सह्याद्रीतही तेच. कारळा हे लहान दिवसांचे पीक आहे; दिवस आखडू लागल्याशिवाय तो फुलावर येत नाही. पावसात पाने वाढवायची, पाऊस सरता सरता फुलायचे आणि हिवाळ्याच्या तोंडाशी पिकायचे, हे त्याचे वेळापत्रक त्याला इथे बदलावे लागले नाही. आपल्या पूर्वजांनी माळव्यात, गुजराथेत वस्ती केली तेव्हा त्यांना पुष्कळ काही बदलावे लागले. या झाडाचे नशीब त्या बाबतीत बरे म्हणायचे.

ज्यांच्याजवळ थोडी जमीन, अंगण वा गच्ची आहे त्यांनी हे झाड एकदा लावून पाहावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत पेरणी करावी. जमीन हलकी, मुरमाड, उताराची चालते. भारी खताची गरज नाही. बी फार बारीक असते. हजार दाण्यांचे वजन तीन ते पाच ग्रॅम भरते, म्हणून ते चाळलेल्या शेणखतात वा वाळूत मिसळून पेरावे, म्हणजे सारखे पडते. हेक्टरी पाच किलोच्या हिशेबाने गुंठ्याला पन्नास ग्रॅम बी पुरते. खोल पुरू नये. वर बोटाच्या पेराएवढीही माती नको. दोन ओळींत फूटभर अंतर ठेवावे आणि पंधरा-वीस दिवसांनी दाट रोपे उपटून दोन रोपांत चार बोटे जागा करावी. सुमारे दोन महिन्यांनी कळ्या येतात, शंभर दिवसांच्या आसपास पीक तयार होते. पाने वाळली आणि बोंडे तपकिरी-काळी झाली की फार थांबू नये; बी गळू लागते. झाडे कापून, उभी रचून वाळवावी आणि काठीने झोडपावी.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. एक, कुंडीत एकच झाड लावून बी मिळणार नाही. कारळ्याचे फूल स्वतःच्या झाडाच्या परागाने फारसे फळ धरत नाही. त्याला शेजारचे दुसरे झाड लागते आणि त्या झाडाचा पराग आणून देणारी मधमाशी लागते. तेव्हा वीस-पंचवीस झाडे एकत्र लावावीत आणि फुलोऱ्यात असताना त्यांवर औषध फवारू नये. दुसरी, अमरवेल. पिवळ्या दोऱ्यासारखी ही परोपजीवी वेल कारळ्याची मोठी वैरीण. तिचे बी कारळ्याच्या बियांत मिसळून येते, म्हणून बी स्वच्छ घ्यावे आणि वेल दिसताच ती फुलण्याआधी झाडासकट उपटून जाळावी. या अमरवेलीच्या भीतीनेच अमेरिकेत आयात होणारे कारळे उष्णतेची प्रक्रिया केल्याशिवाय स्वीकारले जात नाही. तिकडे ते माणसे खात नाहीत; पिवळ्या रंगाच्या लहान गोल्डफिंच पक्ष्यांना परसात टांगलेल्या नळीतून घालतात. भारतातील डोंगरातले कारळे त्यासाठी पुष्कळ वर्षे जहाजांनी जात आले आहे.

स्वतः मात्र आपण ते विसरत चाललो आहोत. कारळ्यात साधारणतः तीस ते चाळीस टक्के तेल असते. लाकडी घाण्याच्या काळात डोंगराकडच्या घरांत हेच तेल फोडणीला असे आणि पेंड दुभत्या जनावराला. स्वस्त शुद्धीकृत तेल पिंपातून आणि पुढे पिशवीतून आले, घाणे थांबले. १९८० च्या सुमारास देशात कारळ्याखाली सुमारे सहा लाख हेक्टर जमीन होती. आज तिचा लहानसा भागच उरला आहे. संशोधन झाले नाही असे नाही. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून तीळ आणि कारळ्याच्या अखिल भारतीय संशोधनाचे समन्वयन अनेक दशके चालले. इगतपुरीच्या केंद्राने सह्याद्री आणि फुले कारळा हे वाण दिले. १९९६ साली कारळ्यावर जो महत्त्वाचा आंतरराष्ट्रीय प्रबंध निघाला, त्याचे दोन लेखक होते : एक इथिओपियाचे गेटिनेट, दुसरे भारतातले शर्मा. माहेर आणि सासर दोन्हीकडच्या माणसांनी मिळून लिहिलेला असा ग्रंथ फार थोड्या पिकांच्या वाट्याला येतो. सरकारने २०२५-२६ च्या खरिपासाठी कारळ्याचा हमीभाव क्विंटलला ९,५३७ रुपये ठरवला. आदल्या वर्षापेक्षा तो ८२० रुपयांनी अधिक, म्हणजे त्या हंगामातील पिकांत सर्वांत मोठी वाढ. तरीही ज्या बीला घरात मागणी नाही, ते केवळ भावाच्या आधाराने वावरात फार काळ टिकेल असे आम्हांला वाटत नाही.

मागणी म्हणजे शेवटी चटणी. कारळे मंद आचेवर तडतडून खमंग वास सुटेपर्यंत भाजायचे. त्यात सुक्या लाल मिरच्या, लसूण, मीठ आणि आवडीप्रमाणे जिरे किंवा सुके खोबरे घालून कुटायचे. तेल घालावे लागत नाही. कुटताना बीच तेल सोडते. बेळगावकडे ही पूड भाकरीबरोबर दह्यात कालवतात. भरल्या वांग्यात, पालेभाजीत, पातळ रश्श्यात ती घालतात. वांग्याच्या मसाल्यातून कारळे काढून दाण्याचे कूट वाढवले की भाजी होते, पण तिची चव बदलते. आणि ज्याने पहिली चव घेतलेली नाही त्याला बदल कळतही नाही. पिके अशीच नाहीशी होतात. स्वयंपाकघरातून ती आधी जातात, वावरातून नंतर.

म्हणून या नियतकालिकाच्या वाचकांकडे आमचे एक मागणे आहे. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत जुने शब्द काही वेळा मूळ गावापेक्षा अधिक काळ टिकतात, कारण ते बाजारात झिजत नाहीत. आपल्या घरी या बीला काय म्हणतात किंवा म्हणत असत, ते कोणत्या पदार्थात पडत असे आणि ते कोठून आणले जात असे, हे घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारून लिहून ठेवावे. ग्वाल्हेरच्या एखाद्या घरात कारळे म्हणत असतील, इंदूरला शेजारच्या घरात रामतिल, बडोद्याला खरसाणी. या तीन नोंदी शेजारी ठेवल्या की कोणते घराणे आपला शब्द घेऊन आले आणि कोणी नव्या मुलखाचा शब्द स्वीकारला, हे दिसू लागेल. घराण्यांच्या इतिहासासाठी हे साधन सनदेइतकेच उपयोगाचे आहे, आणि सनद नसलेल्या घरांसाठी तर तेच एक साधन आहे. नोंद करताना, जमल्यास, मूठभर बीही स्वच्छ बाटलीत ठेवावे आणि येत्या पावसाळ्यात पेरावे. ते बी स्वतःहून कोठेही जाणार नाही. आजवर प्रत्येक वेळी कोणीतरी ते नेले आहे.